तात्या आणि फायबरची बोट

उजनीच्या काठावर आता होडी ही सायकलसारखी घरोघरची वस्तू झाली आहे. माझ्या लहानपणी तसं नव्हतं. तेव्हा भीमा नदी होती, धरण नव्हतं. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की माणसं गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जायची आणि उन्हाळ्यात धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यातून चालत जायची. पुढं १९८० साली धरण पुरं झालं आणि नदीचा दर्या झाला. आमच्या अंगाला इंदापूर तालुका, समोर करमाळा तालुका, मधी नुसतं पाणी. जे गाव नदी ओलांडली की आलं, ते रस्त्यानं एका दिवसाच्या अंतरावर गेलं.

त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. नदीकाठची काळी जमीन आहे. तात्यांनी आणि चुलत्यांनी १९६३ साली स्वतः खांदलेली विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरींचे तळ दिसले, तेव्हा आमच्या विहिरीवर चार वस्त्यांची जनावरं पाणी प्यायची. "दुष्काळात आटली न्हाई ती हीर पाण्यात बुडाली," असं तात्या म्हणायचे आणि एवढंच म्हणायचे. १९७७ साली मी दहावीची परीक्षा दिली. त्याच उन्हाळ्यात आम्ही घराची दारं, चौकटी, तुळया उतरवून बैलगाडीत घातल्या आणि वरच्या माळावर राहायला आलो.

त्यानंतर तात्या कधी उजनीच्या पाण्यावर गेले नाहीत. कुणापुढं शपथ घेतली नव्हती, पण नाही म्हणजे नाही. माझी थोरली बहीण, आक्का, समोरच्या काठाला करमाळा तालुक्यात दिलेली. लग्न झालं तेव्हा नदी ओलांडून वरात गेली होती. धरण झाल्यावर सगळं गाव लाँचनं ये-जा करू लागलं, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. तात्या मात्र इंदापूर, टेंभुर्णी, करमाळा अशा एसट्या बदलत लेकीच्या घरी जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्याच रानावरनं मी होडीत बसून जाऊ व्हय?"

वय झालं तसं एसटीत बसणं सुटलं. तिकडं आक्काचे गुडघे गेले. तिला उघड्या होडीत चढता येईना, उतरता येईना. २०२३ साली तात्या सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि आक्का सहासष्टची. बाप-लेकीची भेट होऊन चार वर्षं झाली होती. मधी पाणी किती, तर सकाळी हवा स्वच्छ असली की आक्काच्या शिवारातली चिंच आमच्या बांधावरून दिसते.

मी बोट घेतली ती या कारणानं. बावीस फूट लांब, फायबरची, पुढं केबिन, केबिनला सरकत्या काचा आणि आत समोरासमोर दोन बाकडी. म्हातारं माणूस उन्हावाऱ्यात न बसता जाईल अशी. इंजिनाजवळच्या पट्टीवर १९८६ साल कोरलेलं. मुंबईच्या कुणा शौकिनाची ती बोट, हस्ते-परहस्ते आमच्याकडं आली होती. रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी एकानं आणली, धंदा जमला नाही, आणि अकरा वर्षं ती बाभळीखाली पडून राहिली. लोखंड असतं तर भंगारवाल्यानं केव्हाच नेलं असतं. फायबर कुणी घेत नाही. जाळता येत नाही, वितळत नाही, सडत नाही. एका दुभत्या म्हशीच्या निम्म्या पैशात मला ती मिळाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून दिवाळीनंतर घरापुढं आणली.

तात्यांनी बोटीला एक फेरी मारली. केबिनमध्ये मी काय म्हणून त्यांना बसवणार आहे, हे त्यांना कळलं असणारच. पण त्यावर काही बोलले नाहीत. म्हणाले, "हातोडी आण. ल्हानी."

फायबरची बोट म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. काचेच्या बारीक धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा काकवीसारखा चिकट द्रव लावायचा, तो दगडासारखा घट्ट होतो. असे थरावर थर दिले की बोटीचं अंग होतं. सगळ्यात वर रंगाचा गुळगुळीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. उन्हानं त्याचा चुना होतो. आमच्या बोटीवर हात फिरवला की तळहात पांढरा व्हायचा. पण ते वरवरचं. खरी गोम आत असते. नुसतं फायबर लवतं, म्हणून इंजिनाच्या बैठकीला आणि मागच्या पाटीला आत लाकूड घालून ते फायबरनं मढवतात. त्या लाकडापर्यंत पाणी पोचलं तर वरून काही दिसत नाही. बोट चकचकीत दिसते आणि आतलं लाकूड शेणासारखं होतं. पाणी शिरतं कुठून? कुठंतरी एक स्क्रू मारलेला असतो, त्याच्या भोकातून.

तात्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना मडकं वाजवून घ्यायची सवय. डावा तळहात बोटीला लावायचे आणि उजव्या हातानं हलकी हातोडी मारायचे. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं, पण तो आवाज ते हातानं ऐकत होते. टण् वाजलं की पुढं, भद्द वाजलं की खडूनं गोल. संध्याकाळपर्यंत इंजिनाच्या दोन्ही बैठका आणि मागच्या पाटीचा निम्मा भाग खडूनं भरला.

भिगवणला होड्यांची कामं करणारा कोकणातला एक कारागीर होता, त्याला बोलावलं. तो म्हणाला, "वरनं दोन थर मारून देतो. दोन-तीन वर्षं बघायला नको." माझ्या पोरालाही ते पटलं. पैसा वाचत होता आणि महिनाभरात बोट पाण्यात जात होती. खरं सांगायचं तर मलाही घाई होती. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत दोन-तीन वर्षं हा काही थोडा हिशेब नसतो. तात्या सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सडक्यावर लिंपायचं न्हाई. त्यात माजी लेक बसायची हाय."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. स्वतः बसायची गोष्ट त्यांनी काढली नव्हती.

मग ग्राइंडरनं बैठका कापल्या. आतून काळा चिखल निघाला. बोट बुडू नये म्हणून फळीखाली फोम भरलेला होता, त्यानं इतकी वर्षं पाणी धरून ठेवलेलं. एकेक तुकडा पिळला की पाण्याची धार लागायची. तो सगळा काढला. बुडाला बाहेरून फोड आले होते, ते फोडले तर आतल्या पाण्याला शिर्क्यासारखा आंबट वास. कारागीर म्हणाला, हा फायबरचा आजार, पाणी आत मुरलं की होतो. त्याला औषध एकच, गोड्या पाण्यानं धुवायचं आणि वाळू द्यायचं. वाळलं का हे बघायला प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवायचा. कागदाच्या आतून दव धरलं तर अजून ओल आहे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तात्या रोज सकाळी चहा झाला की काठी टेकत जायचे आणि कागद बघायचे. मला नुसती मान हलवून दाखवायचे. मार्च लागला तेव्हा एके दिवशी कागद कोरडा निघाला.

त्या दोन महिन्यांत माझी आणि त्यांची जेवढी बोलणी झाली तेवढी आयुष्यात झाली नव्हती. आमच्या पिढीत बाप-लेक बोलत नसत. पाणी कुठल्या सरीला लावायचं, बाजारला काय न्यायचं, एवढंच. आता बोटीच्या सावलीला बसून ते विहिरीचं सांगायचे. अकरा हातांवर खडक लागला, सुरुंग घ्यायला पैसे नव्हते, मग दोघा भावांनी पहार आणि सुतकीनं तीन महिने फोडला. थारोळ्याचा दगड नदीपलीकडून आणला. हे मला सगळं नवं होतं. ती विहीर मी चौदा-पंधरा वर्षं पाहिली होती, त्यात पोहलो होतो, पण ती कशी झाली हे त्या बोटीपाशी कळलं.

नव्या बैठकीला लाकूड कुठलं घालायचं यावर एक दिवस गेला. जुन्या घराची सागवानी चौकट माळ्यावर होती. तात्यांना वाटलं, तीच कापून घालावी, साग पाण्यात सडत नाही. कारागिरानं हात जोडले. सागाच्या अंगात तेल असतं, त्याला रेझिन धरत नाही, थर सुटून येतो. त्यानं मरीन प्लायवूड मागितलं, आयएस ७१० असा शिक्का असलेलं. तात्यांनी शिक्का बोटानं चाचपून बघितला आणि मान्य केलं. पण चौकट परत माळ्यावर गेली नाही. सुताराला बोलावून त्यांनी तिचा उंबरा कापून घेतला आणि केबिनच्या दाराला बसवला. जिथं स्क्रू मारला तिथं आधी मोठं भोक पाडून ते रेझिननं भरलं, घट्ट झाल्यावर त्यातच बारीक भोक पाडलं. म्हणजे स्क्रूच्या वाटेनं पाणी आलं तरी आतल्या लाकडाला लागत नाही.

रेझिनचं काम जोखमीचं. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून चांगलं ढवळायचं, त्यानं त्याला जांभळट रंग येतो. मग हार्डनर घालायचं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळायचं नाही, भडका उडतो. दोन्ही बाटल्या एका पिशवीतसुद्धा ठेवायच्या नाहीत. हे कारागीर पोराला समजावत होता तेव्हा तात्या म्हणाले, "बोर्डोवानी हाय की. मोरचूद चुन्यात वतायचा, चुना मोरचुदात न्हाई." डाळिंबाच्या बागेत ज्यानं बोर्डो मिश्रण केलं आहे त्याला हा क्रम वेगळा शिकवावा लागत नाही. हार्डनरचं माप किलोला दहा ते वीस ग्रॅम. एप्रिलच्या उन्हात दहासुद्धा जास्त होतं, डबा हातात गरम होतो आणि ब्रश त्यातच घट्ट बसतो. म्हणून आम्ही पहाटे पाचला सुरू करून साडेआठला थांबायचो. एका वेळी अर्धा किलोच कालवायचं. वजनकाटा तात्यांच्या पुढ्यात. त्यांना आकडा दिसत नव्हता, तो पोरगा वाचून दाखवायचा, पण "वत" म्हणायचं ते तात्यांनी.

जुन्या फायबरला नवं जोडताना कड घासून उतरती करावी लागते, एकास बारा. म्हणजे जाडी पाच मिलिमीटर असली तर उतार साठ मिलिमीटर. बांधाला जसा पायथा रुंद ठेवतो तसं. घासताना जी धूळ उडते ती अंगाला खाजकुइलीसारखी लागते. तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या, आणि नंतर थंड पाण्यानं अंघोळ. गरम पाणी घेतलं की धूळ आणखी आत रुतते. तात्यांना त्या वेळी लांब ठेवायचो. पण घासून झालं की ते यायचे, डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचे. त्यांचा हात एरवी थरथरतो, चहाची बशी वाजते. पृष्ठभागावर टेकला की तो स्थिर व्हायचा. "हितं उंचवटा हाय," म्हणायचे, आणि असायचा.

इंजिनाचं काम आम्हाला सोपं गेलं. ज्यानं चाळीस वर्षं नदीवर डिझेलची इंजिनं चालवली त्याला इंजिन काय नवं? बोटीच्या बुडातून पंख्याचा दांडा बाहेर जातो, तिथं पाणी आत येऊ नये म्हणून दोरी भरतात. तीच आपली पंपाची ग्लँड दोरी. नवी दोरी भरली. पोरानं नट करकचून आवळला तेव्हा तात्यांनी सैल करायला लावला. थेंब-थेंब गळलं पाहिजे, नाहीतर दांडा तापतो. पंपाचा नियम तोच बोटीचा नियम.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात सोडली. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि उजनी मायनसमध्ये पार खाली गेली होती. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. ट्रॅक्टरनं बोट काठाला नेली, गाळात फळ्या टाकून ढकलली. ती तरंगली. आता कुणीतरी आत उतरून कुठं ओल येते का हे बघायला हवं होतं. पोरगा चढायला लागला तर तात्या म्हणाले, "तुला काय कळतंय ओलीतलं? सरक."

त्यांनी चपला काठावर काढल्या. पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी आणि पोरानं दोन्ही दंडांना धरून त्यांना फळीवरून वर घेतलं. ते वाकून बैठकीखाली हात घालून बसले, अर्धा तास असतील. मागच्या पाटीला, दोरीच्या जागेला, सगळीकडं तळहात लावून बघितला. मग म्हणाले, "कोरडं हाय. आता चालीव. चालत्यावर पाणी घेती का बघू."

मी इंजिन सुरू केलं. सत्तेचाळीस वर्षांनी माझा बाप पाण्यावर आला होता आणि हे कुणी बोलून दाखवायचं नाही एवढं मला आणि पोराला दोघांनाही कळत होतं. ते केबिनच्या उंबऱ्यावर बसले होते. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी हात केला, जरा उजवीकडं घे. मग आणखी थोडं. मग इंजिन बंद करायला लावलं. पाणी इतकं उतरलं होतं की थारोळ्याचे दोन दगड वर आले होते, त्यांच्यावर बगळा बसलेला. विहिरीचं तोंड वीतभर पाण्याखाली काळं दिसत होतं. तात्यांनी बांबू घेतला आणि थारोळ्यावर दोनदा आपटला. काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गाळानं भरली न्हाई अजून. चल, ऊन व्हतंय."

चार दिवसांनी आम्ही आक्काकडं गेलो. पंचवीस मिनिटं लागली. आक्का काठापर्यंत येऊ शकली नाही, बैलगाडीतून तात्यांना तिच्या दारात नेलं. त्या भेटीचं मी लिहीत नाही. दोघं ओसरीवर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाहीत.

त्यानंतर लगेच २१ मेची संध्याकाळ आली. कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला आला, सहा जण गेले. त्यांत लहान लेकरं होती. आमच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. बायको म्हणाली, ती बोट आता काढून टाका. पोरगा गप्प. मला वाटलं तात्या आता परत पाण्याचं नाव काढणार नाहीत, आणि काढलं नसतं तर मी काही म्हणालो नसतो.

तात्या म्हणाले, "नाव इकू नगा. जाकिटं आणा."

सहा लाइफ जॅकेटं आणली. बसायला जागा चौघांची, पण सहा. ती बाकड्याखाली ठेवायची नाहीत, काठावरच अंगात घालायची, मगच बोटीवर पाय. सकाळी दहाच्या आत पलीकडं पोचायचं आणि दुपारनंतर बोट सोडायची नाही, कारण चैत्र-वैशाखात वारा उठतो तो चारनंतर. पश्चिमेला ढग काळा दिसला तर निघायचंच नाही, घरी कुणी मरायला टेकलं असलं तरी. हे नियम तात्यांनी घातले आणि पोराकडून केबिनच्या काचेवर लिहून घेतले. भाड्यानं माणसं न्यायची नाहीत, हा नियम त्यांनी माझ्यासाठी घातला. पैशाची ओढ लागली की पाचाचे नऊ होतात, असं त्यांचं म्हणणं.

पोरानं सगळा खर्च वहीत मांडला, तो एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गेला. एवढ्यात नवी, साधी होडी आली असती. त्यात केबिन नसतं, पण आली असती. तात्यांनी वही ऐकली आणि जाकिटांचे पैसे वेगळे का मांडले म्हणून विचारलं. ते बोटीतच धर म्हणाले.

पावसाळ्यात धरण भरलं. थारोळं, देऊळ, सगळं परत खाली गेलं. पुढच्या संक्रांतीला आक्का माहेरी आली. आम्ही खुर्चीसकट तिला उचलून केबिनमध्ये ठेवली, ती हसत होती आणि रडतही होती. अलीकडच्या काठावर तात्या सकाळी सातपासून उभे. बोट टेकल्यावर मी तिचा पट्टा सोडायला लागलो तर ते ओरडले, "आरं थांब. फळीवरनं खाली येऊ दे आदी." आक्का काठावर उतरली. मग त्यांनी स्वतः पुढं होऊन, थरथरत्या हातानं, तिच्या जाकिटाचे तिन्ही बंद एकेक करून सोडले.